चाळिशी का लागते? प्रकाश, पारपटल आणि डोळ्यातले भिंग

कौलांच्या फटीतून घरात उतरणारा कवडसा जमिनीवर गोल पडतो. फट मात्र क्वचितच गोल असते. ती लांबट असो, चौकोनी असो किंवा कौल फुटून वेडीवाकडी झालेली असो, फट लहान आणि पुरेशी उंचावर असेल तर कवडशाचा आकार बदलत नाही, कारण जमिनीवर उमटते ते फटीचे चित्र नसून सूर्याचे चित्र असते. सूर्य डोक्यावर असताना फट जमिनीपासून ३ मीटर उंच असेल तर या चित्राचा व्यास साधारण २.८ सेंटीमीटर भरतो आणि उंची दुप्पट झाली की व्यासही दुप्पट होतो. २६ डिसेंबर २०१९ च्या सकाळी महाराष्ट्रातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसले, तेव्हा जिथे आकाश निरभ्र होते तिथे झाडांच्या पानांमधून झिरपणारे कवडसेही कोरीच्या आकाराचे झाले होते.

डोळा प्रकाशाचे काय करतो हे समजून घेताना सुरुवात कवडशापासून करणे सोयीचे आहे, कारण प्रकाशाचे दोन मूलभूत गुण त्यात उघड होतात. पहिला असा, की एकाच माध्यमातून जाताना प्रकाश सरळ रेषेत जातो. दुसरा सहसा लक्षात येत नाही: उजळलेल्या वस्तूचा प्रत्येक बिंदू सर्व दिशांना प्रकाश पाठवत असतो. भिंतीवरच्या दिनदर्शिकेचा एकेक आकडा खोलीभर किरण पसरवत असतो, आणि त्यामुळे खोलीत कुठेही, अगदी आपल्या गालावरही, दिनदर्शिकेच्या प्रत्येक बिंदूचा प्रकाश येऊन पडलेला असतो. तरीही गालावर तिचे चित्र उमटत नाही, कारण तिथे सगळ्या बिंदूंचा प्रकाश एकमेकांत मिसळून गेलेला असतो. चित्र उमटण्यासाठी वस्तूच्या एका बिंदूपासून निघालेला प्रकाश पडद्यावरही एकाच बिंदूवर पडावा लागतो आणि शेजारच्या बिंदूचा प्रकाश त्याच्या शेजारी पडावा लागतो. लहान छिद्र ही अट पाळते, कारण ते प्रत्येक बिंदूकडून येणाऱ्या किरणांपैकी एकच बारीक शलाका आत सोडते आणि बाकी सारे अडवते.

पाहण्याचा असा बिंदूगणिक विचार करायला माणसाला बराच काळ लागला. युक्लिड आणि टॉलेमी या प्राचीन ग्रीक विद्वानांनी डोळ्यातून किरण बाहेर पडून वस्तूला भिडतात असे मानून आपली भूमिती रचली होती, आणि आपल्याकडे न्यायदर्शनानेही डोळा हे तैजस, म्हणजे तेजाचे बनलेले, इंद्रिय मानून त्याचे किरण वस्तूपर्यंत जातात असेच सांगितले होते. बसऱ्यात जन्मलेल्या आणि पुढे कैरोत काम केलेल्या इब्न अल-हैसम याने अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात ही दिशा उलटी फिरवली. प्रखर प्रकाशाकडे पाहिले की डोळा दुखतो, अर्थात परिणाम बाहेरून आत होतो, हा त्याच्या युक्तिवादांपैकी एक होता; आणि वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून निघालेला प्रकाश डोळ्यात कसा वेगळा राहतो, हा खरा प्रश्न त्यानेच प्रथम नीट मांडला. ग्रहणाच्या वेळी छिद्रातून पडणाऱ्या कोरींवरही त्याने लिहिले आहे.

प्रकाश म्हणजे काय, हा विषय स्वतंत्र आणि मोठा आहे. इथे त्याची कामापुरती ओळख पुरे. प्रकाश हा विद्युतचुंबकीय तरंग आहे आणि त्यातील साधारण ३८० ते ७५० नॅनोमीटर तरंगलांबीचा लहानसा पट्टा आपल्या डोळ्याला दिसतो. निर्वातात त्याचा वेग सेकंदाला २,९९,७९२ किलोमीटर असतो, आणि या वेगानेही सूर्यापासून पृथ्वीपर्यंत पोहोचायला त्याला ८ मिनिटे २० सेकंदांच्या आसपास लागतात. डोळ्याच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की पाणी, काच किंवा डोळ्यातले पारदर्शक पदार्थ यांमधून जाताना हा वेग कमी होतो. किती कमी होतो ते सांगणाऱ्या संख्येला अपवर्तनांक म्हणतात: पाण्याचा अपवर्तनांक १.३३ आहे, म्हणजे पाण्यात प्रकाश सेकंदाला सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर एवढाच धावतो.

वेग कमी झाल्याने प्रकाश वळतो कसा? डांबरी रस्त्यावरून जाणारी बैलगाडी तिरकी होऊन चिखलात शिरली की जे चाक आधी चिखलात जाते ते मंदावते, दुसरे अजून रस्त्यावर असल्यामुळे वेगातच राहते, आणि गाडीचे तोंड आपोआप चिखलाच्या बाजूला वळते. गाडी रस्त्याला काटकोन करून सरळ शिरली तर दोन्ही चाके एकदम मंदावतात आणि ती वळत नाही. प्रकाशाच्या तरंगाचेही असेच होते. किरण किती वळेल हे दोन गोष्टींवर ठरते: दोन माध्यमांमधल्या वेगांत किती फरक आहे आणि किरण पृष्ठभागावर किती तिरका येतो आहे. या संबंधाचा नेमका नियम डच गणिती स्नेल याने १६२१ च्या सुमारास शोधला आणि शाळेत तो त्याच्याच नावाने शिकवला जातो, मात्र बगदादच्या इब्न साहल याच्या दहाव्या शतकातील लेखनात तो आधीच सापडतो.

आता छिद्राची अडचण पाहू. छिद्र जितके बारीक, तितके चित्र रेखीव, पण तितकाच प्रकाशही कमी. संध्याकाळी उशिरा वाट दिसण्यासाठी डोळ्याला भरपूर प्रकाश आत घ्यावा लागतो, आणि त्यासाठी मोठे तोंड उघडले की एकाच बिंदूकडून येणारे अनेक किरण आत शिरून पडद्यावर पसरतात. यावर उपाय म्हणजे वाटेत वक्र पृष्ठभाग ठेवणे. वक्र पृष्ठभागाच्या मध्यावर येणारा किरण त्यावर जवळपास काटकोनात पडतो आणि वळत नाही. कडेकडेला येणारा किरण जास्त तिरका पडतो आणि जास्त वळतो. वक्रता योग्य असेल तर एका बिंदूपासून निघून पसरत आलेले हे सारे किरण पुन्हा एका बिंदूत गोळा होतात. प्रकाश केंद्रित करणे म्हणजे एवढेच: एका बिंदूचे विखुरलेले किरण पुन्हा एका बिंदूवर आणणे, आणि हे समोर दिसणाऱ्या प्रत्येक बिंदूसाठी एकाच वेळी करणे.

मोठे काम पुढच्या पडद्याचे

डोळ्यात हे काम भिंग करते असे बहुतेकांना वाटते आणि शाळेतल्या आकृतीमुळे ही समजूत अधिकच घट्ट होते, कारण तिथे भिंग ठळक काढलेले असते आणि पुढचा पारदर्शक पडदा एका बारीक रेघेत संपवलेला असतो. प्रत्यक्षात प्रकाश वळवण्याचे सुमारे दोन तृतीयांश काम हा पुढचा पडदाच करतो. त्याला पारपटल म्हणतात. दवाखान्यात त्याचे नाव कॉर्निया. तो मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो, त्यात रक्तवाहिन्या नसतात, आणि त्याच्या पुढच्या पृष्ठभागाची वक्रता सुमारे ७.८ मिलिमीटर त्रिज्येच्या गोळ्याएवढी असते.

वळवण्याची ताकद डायॉप्टर या एककात मोजतात, आणि चष्म्याचा नंबर म्हणजे हेच एकक असल्यामुळे ते एकदा समजून घेणे फायद्याचे आहे. समांतर येणारे किरण भिंगाच्या पलीकडे १ मीटरवर एकत्र आले तर त्या भिंगाची शक्ती १ डायॉप्टर, अर्ध्या मीटरवर आले तर २, आणि १० सेंटीमीटरवर आले तर १०. दूर पाहत असलेल्या स्वस्थ डोळ्याची एकूण शक्ती सुमारे ६० डायॉप्टर असते. त्यातील जवळजवळ ४३ पारपटलाची आणि उरलेली आतल्या भिंगाची. या वाटणीचे कारण बैलगाडीच्या हिशेबातच आहे: हवेचा अपवर्तनांक १ आणि पारपटलाचा १.३७६, म्हणजे हवेतून डोळ्यात शिरताना वेगात मोठी घट होते. भिंगाच्या पुढे-मागे मात्र १.३३६ अपवर्तनांकाचे द्रव आणि जेलीसारखा पदार्थ असतो, आणि भिंगाचा स्वतःचा अपवर्तनांक त्याहून थोडासाच जास्त, सुमारे १.४, असतो. फरक कमी, म्हणून वळणही कमी.

याचा पुरावा हवा असेल तर तो विहिरीत किंवा नदीत सूर मारून डोळे उघडणाऱ्या प्रत्येकाने घेतलेला आहे. पाण्याचा आणि पारपटलाचा अपवर्तनांक जवळपास सारखा असल्याने पाण्याखाली पारपटलाची शक्ती जवळपास नाहीशी होते, आणि चाळीसहून अधिक डायॉप्टर गमावलेल्या डोळ्याला समोरचा हातही धूसर दिसतो. तारकर्लीला पाण्याखालचे जग पाहायला उतरणाऱ्यांना तोंडावर बांधायला जो मुखवटा देतात, त्याच्या काचेत तसे काही विशेष नसते. तो डोळ्यासमोर हवेचा एक थर राखून ठेवतो आणि पारपटलाला त्याची गेलेली शक्ती परत मिळते. माशांची अडचण कायमचीच असल्याने त्यांचे भिंग जवळपास पूर्ण गोल आणि बरेच अधिक शक्तीचे असते.

या नियमाला आव्हान देणारे एक उदाहरण मात्र मुद्दाम सांगण्यासारखे आहे. अंदमान समुद्राच्या काठी थायलंड आणि म्यानमारच्या बेटांवर राहणाऱ्या मोकेन समाजाची मुले समुद्रात बुडी मारून शिंपले वेचतात आणि तेही मुखवट्याशिवाय. स्वीडिश संशोधक अ‍ॅना गिस्लेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापात या मुलांची पाण्याखालची नजर युरोपीय मुलांच्या दुपटीहून तीक्ष्ण निघाली. त्यांचे डोळे रचनेने वेगळे नव्हते. ही मुले पाण्याखाली डोळ्याची बाहुली २ मिलिमीटरपेक्षाही लहान करत होती आणि शिवाय आतल्या भिंगाची शक्ती जवळपास पूर्ण वापरत होती. पुढे युरोपीय मुलांनाही सरावाने हे साधले. गेलेली ४३ डायॉप्टर यातून परत येत नाहीत, पण लहान छिद्राने रेखीवपणा वाढतो आणि भिंग त्याला थोडी मदत करते.

भिंग बारीक जुळवणी करते

पारपटलाची शक्ती मोठी असली तरी ती बदलता येत नाही, आणि भिंगाचे खरे महत्त्व इथे सुरू होते. दूरच्या डोंगरावरून येणारे किरण डोळ्यापाशी जवळपास समांतर असतात, तर हातातल्या पुस्तकावरून येणारे किरण पसरत आलेले असतात आणि त्यांना गोळा करायला जास्त शक्ती लागते. नेमकी किती, हे अंतरावरून काढता येते: पुस्तक ४० सेंटीमीटरवर असेल तर १ भागिले ०.४, म्हणजे अडीच डायॉप्टर जास्त; २५ सेंटीमीटरवर असेल तर ४. कॅमेऱ्यात ही जुळवणी भिंग पुढे-मागे सरकवून करतात. डोळ्यात भिंग आपला आकार बदलते, आणि याला समायोजन म्हणतात.

आकार बदलणारे भिंगच आहे, पारपटल किंवा डोळ्याची लांबी नव्हे, हे थॉमस यंग या इंग्रज वैद्याने स्वतःच्या डोळ्यावर प्रयोग करून दाखवले आणि १८०१ साली प्रसिद्ध केले. पारपटलाला पाण्याचा स्पर्श ठेवून त्याने त्याची शक्ती नाहीशी केली आणि तिच्या जागी बाहेर एक काचेचे भिंग वापरले. तरीही त्याला जवळचे आणि दूरचे आलटून पालटून स्पष्ट पाहता आले, म्हणजे जुळवणी पारपटलात होत नव्हती. डोळा लांबत असेल का, हे तपासण्यासाठी त्याने डोळा नाकाकडे वळवून पुढून आणि मागून धातूच्या कड्या दाबून धरल्या. असे प्रयोग आज कोणी करू नयेत हे वेगळे सांगायला नको, पण प्रश्नाचा एकेक पर्याय बंद करत जाण्याची त्याची रीत मला अजूनही नमुनेदार वाटते.

भिंग आकार कसे बदलते ते जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ याने १८५५ मध्ये मांडले, आणि त्यातला एक भाग अपेक्षेच्या उलट आहे. सुमारे ९ मिलिमीटर व्यासाचे हे भिंग असंख्य सूक्ष्म तंतूंनी भोवतालच्या कड्यासारख्या सिलिअरी स्नायूला टांगलेले असते. दूर पाहताना हा स्नायू सैल असतो, त्यामुळे कडे मोठे असते, तंतू ताणलेले राहतात आणि भिंग ओढले जाऊन चपटे होते. जवळ पाहताना स्नायू आकुंचन पावतो, कडे लहान होते, तंतूंवरचा ताण कमी होतो आणि भिंग आपल्या लवचिकतेने फुगून अधिक गोल होते. म्हणजे स्नायू भिंगाला दाबून गोल करत नाही. तो फक्त त्यावरचा ताण काढून घेतो, आणि गोल होणे हे भिंगाने स्वतःच करायचे असते. चाळिशी समजायला हे शेवटचे वाक्य पुन्हा लागणार आहे.

जवळ पाहताना आणखी दोन गोष्टी सोबत होतात: दोन्ही डोळे नाकाकडे वळतात आणि बाहुल्या लहान होतात. बाहुली म्हणजे परितारिकेच्या, डोळ्यातल्या रंगीत वर्तुळाच्या, मधले छिद्र, आणि ते अंदाजे २ ते ८ मिलिमीटर एवढे बदलते. छिद्र लहान झाले की जुळवणीतली थोडी चूक खपून जाते. ज्यांना नंबर असतो ते लांबची पाटी वाचताना डोळे बारीक करतात ते याचसाठी, आणि भर उन्हात चष्म्याशिवाय थोडे बरे दिसते तेही याचमुळे. डोळे तपासताना डॉक्टर कधी कधी बारीक भोके पाडलेली काळी चकती डोळ्यापुढे धरतात. तिच्यातून अक्षरे स्पष्ट दिसली तर दोष जुळवणीचा असण्याची शक्यता जास्त. तरीही धूसरच राहिली तर कारण बहुधा दुसरीकडे शोधावे लागते.

या सगळ्या खटाटोपातून दृष्टिपटलावर, म्हणजे डोळ्याच्या मागच्या बाजूच्या पडद्यावर, पडणारे चित्र उलटे असते, हे केप्लरने १६०४ मध्ये गणिताने दाखवले, आणि देकार्तने १६३७ मध्ये बैलाच्या डोळ्याची मागची आवरणे काढून ते चित्र प्रत्यक्ष कसे पाहता येते याचे वर्णन केले. चित्र लहानही असते: १७ मीटरवर उभ्या असलेल्या १.७ मीटर उंचीच्या माणसाचे चित्र दृष्टिपटलावर जेमतेम १.७ मिलिमीटर उंच पडते. मग मेंदू ते सुलटे कसे करतो, हा प्रश्न हमखास येतो. मला तो प्रश्नच चुकीचा वाटतो, कारण मेंदूच्या आत ते चित्र पाहायला दुसरा कोणी बसलेला नसतो. दृष्टिपटलाच्या खालच्या भागातून आलेला संकेत म्हणजे वरची वस्तू, एवढा संबंध मेंदूने जोडला की पुरे.

नंबर का लागतो

डोळ्याची पुढून मागेपर्यंत लांबी प्रौढ माणसात सरासरी २४ मिलिमीटरच्या आसपास असते. जन्माच्या वेळी ती साधारण १७ मिलिमीटर असते, आणि वाढीच्या काळात लांबी, पारपटल आणि भिंग यांचा मेळ जमत जातो. हा मेळ किती काटेकोर लागतो याची कल्पना एका आकड्यावरून येईल: लांबी १ मिलिमीटरने जास्त झाली तर सुमारे अडीच ते तीन डायॉप्टरचा फरक पडतो. डोळा लांब झाला की दूरच्या वस्तूचे किरण दृष्टिपटलाच्या अलीकडेच एकत्र येतात. ही निकटदृष्टिता, आणि तिच्यावर किरण थोडे पसरवणारा, म्हणजे उणे नंबरचा चष्मा लागतो. उणे २ नंबर असलेल्या माणसाला चष्म्याशिवाय अर्ध्या मीटरपर्यंतचे स्पष्ट दिसते, उणे ४ असलेल्याला पाव मीटरपर्यंतचे. नंबर म्हणजे ‘डोळे किती टक्के गेले’ नव्हे. डोळा आखूड असेल तर उलटे घडते आणि किरण गोळा करणारा, म्हणजे अधिक (+) नंबरचा चष्मा लागतो. पारपटल चेंडूसारखे सारखे गोल नसून एका दिशेला जास्त वक्र असेल तर उभ्या आणि आडव्या रेषा एकदम स्पष्ट होत नाहीत. चष्म्याच्या दुकानात ज्याला सिलिंडर नंबर म्हणतात तो यासाठी असतो.

तपासणीच्या शेवटी अर्धी लाल आणि अर्धी हिरवी पट्टी दाखवून कोणत्या बाजूची अक्षरे ठळक दिसतात असे विचारतात, त्यामागे प्रकाशाचाच एक गुण आहे. कमी तरंगलांबीचा प्रकाश जास्त वळतो, त्यामुळे हिरवा प्रकाश दृष्टिपटलाच्या किंचित अलीकडे आणि लाल किंचित पलीकडे एकत्र येतो. लाल बाजू जास्त ठळक असेल तर उणे नंबर अजून थोडा हवा आहे, हिरवी ठळक असेल तर तो थोडा जास्त झाला आहे, आणि दोन्ही सारख्या दिसल्या तर नंबर बरोबर बसला.

लेझरने नंबर काढण्याच्या शस्त्रक्रियेत पारपटलाचाच आकार बदलतात हे आता आश्चर्याचे वाटू नये. डोळ्यातील सर्वांत शक्तिशाली पृष्ठभाग तोच आहे आणि तो हाताशीही आहे. १९३ नॅनोमीटर तरंगलांबीच्या, डोळ्याला न दिसणाऱ्या अतिनील किरणांनी पारपटलाचा अगदी पातळ थर उडवून त्याची वक्रता कमी-जास्त केली जाते. पंचविशीत अशी शस्त्रक्रिया केलेल्या माणसालाही पुढे चाळिशी लागतेच, आणि शस्त्रक्रिया बिघडली असे त्याला वाटते. पण लेझरने भिंगाला हात लावलेलाच नसतो.

चाळिशी

डोळ्याचे भिंग जन्मभर वाढत राहते. ते स्वतःही तंतूंचेच बनलेले असते; त्याच्या बाहेरच्या बाजूला असे नवे तंतू तयार होत जातात आणि जुने टाकून दिले जात नाहीत. ते आत दाबले जातात, इतके की भिंगाच्या मध्यभागी असलेले तंतू जन्माच्याही आधीचे असतात. वर्षे जातात तसे भिंग जाड आणि कठीण होते. स्नायू पूर्वीसारखाच आकुंचन पावतो, भिंग टांगून ठेवणाऱ्या तंतूंवरचा ताणही सैल होतो, पण गोल होण्याची लवचिकता भिंगात उरलेली नसते. म्हणून डोळ्यांचे व्यायाम करून चाळिशी घालवण्याचे जे उपाय सांगितले जातात त्यांवर माझा विश्वास नाही: ते ज्या स्नायूला बळकट करू पाहतात त्याची ही तक्रारच नसते.

ही घट चाळिसाव्या वर्षी सुरू होते असा समज आहे, तोही खरा नाही. दहा वर्षांच्या मुलाच्या भिंगाला १२ ते १४ डायॉप्टरची वाढ करता येते, म्हणजे ते मूल डोळ्यापासून ७-८ सेंटीमीटरवर धरलेले अक्षरही वाचू शकते. तिथपासून दरवर्षी ही क्षमता उतरतच असते. विशीत ती बरीच कमी झालेली असते, पण कोणाला जाणवत नाही. चाळिशीत ती ४ ते ५ डायॉप्टरवर येते, पन्नाशीत २ च्या आसपास, आणि साठीत एखाद्या डायॉप्टरपर्यंत किंवा त्याखाली. वाचायला अडीच लागतात. मग ५ असताना अडचण कशाची? अडचण अशी, की असलेली सगळी क्षमता माणूस फार वेळ लावून धरू शकत नाही. साधारण अर्धी राखीव राहिली तरच आरामात वाचता येते. पाचाची निम्मी अडीच, आणि हा हिशेब नेमका चाळिशीच्या आसपास जुळेनासा होतो. संध्याकाळी मंद दिव्यात तो आधी फसतो, कारण तेव्हा बाहुली मोठी होते आणि चूक खपत नाही.

ज्यांना उणे अडीच किंवा उणे तीन नंबर आहे ते चष्मा काढून वर्तमानपत्र वाचतात आणि आपल्याला चाळिशी लागलीच नाही असे सांगतात. भिंग त्यांचेही तितकेच कठीण झालेले असते. फक्त त्यांच्या डोळ्याची स्थिर जुळवणी आधीच वाचनाच्या अंतरावर असते. दूरचा चष्मा लावून वाचायला सांगितले की गुपित उघड होते.

चष्म्याशिवायचे उपायही निघाले आहेत. बाहुली लहान करणाऱ्या पायलोकार्पिन या जुन्या औषधाच्या सौम्य थेंबांना २०२१ मध्ये अमेरिकेत चाळिशीसाठी परवानगी मिळाली. हे थेंब भिंगाला तरुण करत नाहीत, छिद्र लहान करून काही तास अक्षरे स्पष्ट करतात, आणि त्याची किंमत म्हणून आत येणारा प्रकाश कमी होतो. २०२४ मध्ये भारतातही अशा थेंबांचा बराच गाजावाजा झाला, पण उत्पादकाने केलेल्या दाव्यांवरून औषध नियामकाने दिलेली परवानगी स्थगित केली.

भिंग आणखी म्हातारे होऊन गढूळ झाले की त्याला मोतीबिंदू म्हणतात. सुश्रुतसंहितेत त्यावरील जी शस्त्रक्रिया वर्णिली आहे तिच्यात गढूळ भिंग प्रकाशाच्या वाटेतून बाजूला सारले जाई; अलीकडच्या काळात ते काढून टाकू लागले. दोन्हींत डोळ्याची भिंगाची शक्ती जाई, आणि म्हणूनच जुन्या पिढीतील मोतीबिंदू काढलेल्या आजी-आजोबांच्या नाकावर अधिक दहा-बारा नंबरचे जाडजूड चष्मे दिसत. हॅरॉल्ड रिडली या इंग्रज नेत्रशल्यविशारदाने दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत घुसलेले विमानाच्या पारदर्शक छताचे अ‍ॅक्रिलिकचे तुकडे डोळ्याला फारसे सलत नाहीत असे पाहिले, आणि २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनमध्ये त्याच द्रव्याचे कृत्रिम भिंग प्रथम माणसाच्या डोळ्यात बसवले. भारतात १९९२ पासून मदुराईच्या ऑरोलॅब या संस्थेने ही भिंगे स्वस्तात बनवायला घेतली आणि जाड चष्मे दिसेनासे होण्यात तिचा वाटा मोठा आहे.

कृत्रिम भिंग निवडताना डोळ्याची लांबी आणि पारपटलाची वक्रता आधी मोजतात आणि त्यावरून त्याची शक्ती काढतात. नेहमीचे भिंग एकाच अंतरासाठी असते आणि आकार बदलत नाही. त्यामुळे दूरचे स्पष्ट दिसेल अशी शक्ती निवडली तर वाचायला चष्मा लागतोच. या चष्म्याचा नंबर बहुतेकांचा अधिक अडीचच्या आसपास असतो. ज्यांनी शस्त्रक्रिया केलेली नाही त्यांचाही वाचनाचा नंबर पंचेचाळिशीपासून वाढत वाढत साधारण साठीला तिथेच येऊन थांबतो, कारण ४० सेंटीमीटरवर धरलेले पान वाचायला अडीच डायॉप्टर पुरतात आणि तोवर ते सगळे चष्म्याकडूनच घ्यावे लागत असतात.